केरळ : डोंगरमाथ्यावरून खाजणापर्यंत

महाराष्ट्रातून केरळला जाणाऱ्यांची वाट बहुधा ठरलेली असते. कोचीला उतरायचं, मुन्नार आणि थेक्कडी करून आलप्पुळ्याला हाउसबोटीत एक रात्र काढायची, वेळ उरला तर कन्याकुमारी. म्हणजे आधी समुद्र, मग डोंगर. आम्ही उलट बाजूने गेलो. म्हैसूरकडून घाटमाथ्यावर शिरलो, जिथे परवानगी मिळाली तिथे रानात तंबूत राहिलो आणि पाणी जसं जातं तसं उतरत उतरत किनाऱ्याला लागलो. केरळ असंच वरून खाली पाहावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

त्याला कारण या राज्याची ठेवण. उत्तर-दक्षिण लांबच लांब आणि रुंदीला इतकं अरुंद की ती कुठेही फार तर सव्वाशे किलोमीटर भरते. एका कडेला अडीच हजार मीटरच्या वरचे डोंगर, दुसऱ्या कडेला समुद्र, आणि मध्ये बसायलाही सपाटी नाही. कृष्णा-गोदावरीकाठच्या माणसाला नदी म्हणजे घाटात उगम पावून शेकडो कोस पूर्वेला जाणारी, हे पाठ असतं. केरळात चव्वेचाळीस नद्या मोजतात आणि त्यांतल्या एकेचाळीस पश्चिमेला, अरबी समुद्राकडे धावतात. काबिनी, भवानी आणि पांबार या तीनच पूर्वेला वळतात. आमचा प्रवास काबिनीपासून सुरू झाला.

बंदीपूरच्या जंगलातून वायनाडला जाणारा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. वाहनांखाली जनावरं मरत होती म्हणून २००९ मध्ये ही बंदी आली आणि केरळच्या बाजूने विरोध होऊनही ती टिकली. पहाटे फाटकापाशी रांग लागते ती मुख्यतः ट्रकची. गुंडलुपेटच्या बाजाराची भाजी घेऊन ते केरळात निघालेले असतात. इतकं पाणी आणि इतकी हिरवाई असलेला मुलूख भाजी आणि तांदूळ बाहेरून आणतो, हे पहिलं नवल तिथेच समजलं. इथल्या जमिनीत नगदी पिकं आहेत: रबर, मिरी, वेलदोडा, चहा, कॉफी.

वायनाड हे पठार आहे आणि ते पूर्वेला कललेलं आहे, म्हणून इथली काबिनीही पूर्वेला जाते. आम्ही गेलो तो काळ कॉफी वाळवण्याचा होता. अंगणात, घरांच्या छतांवर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांत रोबस्टाची फळं पसरलेली होती. तोडून आणली तेव्हाची लाल, चार-सहा उन्हं खाल्ली की काळी. एका घरापुढे थांबलो तर तिथल्या चेची (ताई) लाकडी दांड्याने फळं वरखाली करत होत्या. वाळली हे कसं कळतं, असं विचारल्यावर त्यांनी मूठभर फळं उचलून माझ्या कानाशी हलवली. आत बी खुळखुळायला लागली की भरायची. कॉफीचा जीव फेब्रुवारी-मार्चमधल्या एका पावसावर असतो. तो वेळेवर आला तर काही दिवसांत सगळे मळे पांढऱ्या फुलांनी भरतात. चुकला तर पुढच्या वर्षीचं पीक गेलं. या पावसाचा आता भरवसा राहिला नाही, असं चेची म्हणाल्या आणि पुढे भेटलेल्या प्रत्येक मळेवाल्याने तेच सांगितलं.

एडक्कलची गुहा खरं तर गुहा नव्हे. अंबुकुत्ती डोंगराला उभी भेग पडली आणि वरून गडगडत आलेली शिळा तिच्या तोंडात अडकून छप्पर झाली. आतल्या भिंतींवर माणसांच्या, जनावरांच्या आकृत्या, चाकांसारखी चिन्हं खोदलेली आहेत. रंगाने काढलेली नव्हेत, दगडाने दगडात कोरलेली. त्यांचा बराचसा भाग नवाश्मयुगातला मानतात आणि काही ओळी पुढच्या काळातल्या ब्राह्मी लिपीत आहेत. १८९०च्या दशकात फ्रेड फॉसेट या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही जागा अभ्यासकांच्या नजरेस आणली. चढण दमवणारी आहे आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, म्हणून सकाळी लवकर जावं.

तंबूंबद्दल वायनाडने आम्हाला आधीच सावध केलं होतं. २०२१ मध्ये मेप्पाडीजवळ तंबूत उतरलेल्या एका पर्यटक तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने परवान्याशिवाय तंबू ठोकण्यावर बडगा उगारला. हे योग्यच झालं. चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांमधून हत्तींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा जातात आणि त्या वाटेवर दोरखंड ताणून निजणं हे धाडस नव्हे. केरळात कॅम्पिंग करायचं तर वनखात्याच्या किंवा वनविकास महामंडळाच्या तळावर, स्थानिक वाटाड्याबरोबर करावं.

मेप्पाडीच्याच वरच्या अंगाला मुंडक्कै आणि चूरलमला. ३० जुलै २०२४ च्या पहाटे तिथे डोंगर खचला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. नदीच्या मधोमध घराएवढ्या शिळा पडलेल्या आहेत आणि दोन्ही काठांची वस्ती पुसली गेली आहे. आम्ही लांबूनच पाहिलं. ते पाहण्याच्या यादीतलं ठिकाण नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी. पठाराचा हा कोपरा पश्चिमेला उतरतो आणि त्याचं पाणी चालियार नदीला मिळतं. त्या रात्री वाहून गेलेल्यांचे देह खाली निलंबूरच्या परिसरात, कित्येक किलोमीटरवर, चालियारच्या पात्रात सापडले. डोंगर आणि सखल प्रदेश इथे किती जवळ आहेत, हे याहून कठोरपणे कोणी सांगू शकत नाही.

निलंबूरला आम्ही फार थांबलो नाही. कॉनोली प्लॉट ही जगातली सगळ्यांत जुनी सागाची लागवड मानतात. मलबारचा कलेक्टर कॉनोली याच्या काळात, १८४०च्या दशकात, चातू मेनन यांनी ती उभी केली. सरळसोट, रांगेत लावलेला साग. त्यानंतर आम्हाला रानचा साग पाहायचा होता आणि त्यासाठी परंबिकुलमला जायचं होतं.

परंबिकुलम केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, पण गाडीने जायचं तर तामिळनाडूतून. पालक्काडची खिंड ओलांडली की हवा एकदम कोरडी होते. सह्याद्रीच्या सलग भिंतीत तीसेक किलोमीटरची ही एकच मोठी फट आहे. मग पोळ्ळाची, सेतुमडै आणि जंगलातून पुन्हा केरळ. आनप्पाडीला वनखात्याचे तंबू आहेत. प्लास्टिक फाटकावरच काढून ठेवावं लागतं. काळोख पडल्यावर तंबूबाहेर पाय टाकायचा नाही, आणि रात्री बांबू कडाकडा मोडल्याचे आवाज आले की तो नियम का आहे, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. वाटाडे काडर, मलसर, मुदुवर या आदिवासी समाजांतले. आमच्याबरोबरच्या काडर चेट्टांनी (दादांनी) सकाळी हत्तींची वाट ओल्या लेंडीवरून नव्हे, कोळ्यांच्या जाळ्यांवरून दाखवली. जिथे झाडाझाडांमधली जाळी तुटलेली, तिथून कळप पहाटे गेला. जिथे शाबूत, तिथून आपण जायचं.

कन्निमरा साग पाहायला दुरून लोक येतात. सुमारे चाळीस मीटर उंच, सात मीटर घेर, वय साडेचारशेच्या आसपास सांगतात. तोडायला कुऱ्हाड घातली तेव्हा रक्त आलं, म्हणून सोडला आणि पूजला, अशी कथा आहे. त्याच्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या जंगलाचा इतिहास माझ्या मनात अधिक घर करून राहिला. कोचीन संस्थानाने १९०७ मध्ये परंबिकुलमपासून चालक्कुडीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरची ट्रामवे बांधली, ती केवळ साग आणि शिसव खाली नेण्यासाठी. उभ्या उतारांवर इंजिन चालत नसे. तिथे लाकडांनी भरलेले डबे वजनाने खाली जात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले रिकामे डबे त्याच जोराने वर येत. जंगलाचं जाणंच जंगल वाहून नेण्याची ताकद देत होतं. पुढे ती बंद झाली. रुळांचे आणि मोऱ्यांचे अवशेष झाडीत अजून सापडतात.

आता लाकूड जात नाही, पाणी जातं. परंबिकुलम, तुणक्कडवू आणि पेरुवारिपळ्ळम ही तिन्ही धरणं केरळच्या हद्दीत आहेत आणि त्यांचं पाणी बोगद्यांतून तामिळनाडूच्या कोइंबतूरकडच्या शेतांना मिळतं. दोन राज्यांमध्ये तसा करार आहे. त्यावरून भांडणं होतात, पण पोळ्ळाचीचे नारळ पाहिले की पाण्याने काय केलं, ते डोळ्यांपुढे येतं.

उडुमलपेटवरून पुन्हा घाट चढायला लागलो आणि चिन्नारला केरळचं न ऐकलेलं रूप दिसलं. काटेरी झुडपं, निवडुंग, तापलेले खडक. जिथे उभे होतो तिथून मुन्नारचे ओलेचिंब डोंगर दोन तासांच्या वाटेवर, पण मोसमी पाऊस ते डोंगर अडवतात आणि ही बाजू कोरडी राहते. तारांकित कासव इथे आहे. करड्या रंगाची मोठी खार, जी देशात फार थोड्या जागी उरली आहे, तीही नदीकाठच्या झाडांवर आहे. ती नदी म्हणजे पांबार, पूर्वेला जाणाऱ्या तिघींपैकी एक. आम्ही तिच्या काठाने वर मरयूरला गेलो.

मरयूरला चंदन आपोआप उगवतं आणि सरकार त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं आणि प्रत्येक झाडावर आकडा. लाकडाचा लिलाव वनखातं करतं. पण गावाचं पोट उसावर. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला गुऱ्हाळाचं अप्रूप नसतं. तरी मरयूरच्या गुऱ्हाळापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. ताडाच्या झावळ्यांची शेड, चुलाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी, सगळं ओळखीचं. फरक पुढे. आपल्याकडे पाक साच्यात ओतून ढेप करतात. इथे पाक लाकडी वाफ्यात पसरून घोटतात आणि गरम असतानाच दोन्ही हातांनी त्याचे उंडे वळतात. प्रत्येक उंड्यावर वळणाऱ्याच्या बोटांचे वळ राहतात. रंग गडद तपकिरी, चव खारटपणा नसलेली. २०१९ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी आणि नंतरही तामिळनाडूचा स्वस्त गूळ मरयूरच्या नावाने विकला जातो, ही इथल्या शेतकऱ्याची तक्रार. वरच्या खडकांवर महापाषाणकाळातली दगडी दफनघरं आहेत. लोक त्यांना मुनियरा म्हणतात.

मुन्नार शहराबद्दल फार लिहीत नाही. तिथली वाहनं आणि उतारांवर चढलेल्या इमारती पाहून वाईट वाटतं. चहाचे मळे मात्र नीट पाहण्यासारखे आहेत, आणि ते फक्त हिरव्या रंगासाठी नव्हे. १८७७ मध्ये जॉन मन्रो याने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन टेकड्या पट्ट्याने घेतल्या आणि मग हळूहळू शोला जंगल जाऊन चहा आला. चहा न्यायला आधी एकरुळी आणि मग १९०८ मध्ये अरुंद रुळांची गाडी आली. ती टॉप स्टेशनपर्यंत जायची. तिथून दोरमार्गाने पेट्या तामिळनाडूत उतरत. १९२४ च्या जुलैत अतोनात पाऊस झाला, रूळ, पूल, स्टेशनं वाहून गेली आणि ती रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. मल्याळी पंचांगातलं ते १०९९ साल, म्हणून केरळभर म्हातारी माणसं ‘नव्व्याण्णवचा पूर’ धरून कालगणना करत.

पानं खुडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ. त्यांच्या पणज्या मदुरै-तिरुनेलवेलीकडून आल्या आणि या बायका अजूनही लायम म्हणतात त्या रांगेतल्या एका-दोन खोल्यांत राहतात. घर मळ्याचं, नोकरी सुटली की घर सुटलं. २०१५ मध्ये याच बायकांनी वीस टक्के बोनससाठी मुन्नारचा रस्ता अडवला. पक्षांच्या आणि युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. ‘पेंबिळै ओरुमै’, बायकांची एकजूट, हे नाव तेव्हा देशाला कळलं आणि मागणी बऱ्याच अंशी पदरात पडली. एका मळ्याच्या कडेला पाठीवरचं ओझं उतरवून बसलेल्या अक्कांशी बोललो. त्या मोर्चात त्या होत्या. बोनसपेक्षा आपण ठरवून बसलो आणि हललो नाही, याचा आनंद त्यांना अधिक वाटत होता. बोलता बोलता त्यांनी पेट्टिमुडीच्या दिशेने हात केला. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे रात्री दरड आली आणि मजुरांचे लायम गाडले गेले. सत्तर माणसं.

मीशपुलिमला हा २,६४० मीटरचा डोंगर. त्याच्या पायथ्याला, ऱ्होडोडेंड्रॉनच्या झाडांमध्ये वनविकास महामंडळाचा तळ आहे. संपूर्ण प्रवासात मला सगळ्यांत मोलाची वाटलेली जागा हीच. रात्री थंडी अशी की तंबूच्या आतल्या कापडावर आपल्याच श्वासाचं पाणी साचत होतं आणि पहाटे बाहेरच्या गवतावर दहिवर गोठलं होतं. उजाडल्यावर वर चढताना माथ्यावरचं सगळं गवत पिवळं आणि दोन डोंगरांच्या घड्यांत मात्र गर्द हिरवी झाडी. ही शोला जंगलं. झाडं ठेंगणी, वाकडी, शेवाळाने मढलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी माथ्यावरची झाडं तोडली असावीत. तसं नाही. गवत वर आणि शोला घडीत, ही हजारो वर्षांची जुनी रचना आहे. आमच्या वाटाड्याने एका शोलात नेलं, पालापाचोळ्यात मनगटापर्यंत हात घातला आणि मूठभर काळा पाला बाहेर काढून पिळला. पाणी निथळलं. शेवटचा पाऊस पडून कितीतरी आठवडे झाले होते. पावसाळ्यात गवत पाणी मुरवतं, शोला ते धरून ठेवतो आणि उन्हाळाभर बारीक धारेने सोडत राहतो. खालच्या नद्या बारमाही आहेत त्या यामुळे. इंग्रजांनी आणि नंतर आपल्या सरकारांनी हे गवताळ माथे पडीक समजून तिथे वॅटल आणि निलगिरी लावली. त्या झाडांनी गवत मारलं. आता ती काढून गवत परत आणण्याची कामं चालू आहेत आणि ती डोंगराच्या प्रत्येक अंगाला व्हायला हवीत.

याच माथ्यांवर नीलकुरिंजी फुलते, बारा वर्षांतून एकदा. २०१८ ची फुलं पुराच्या पावसात सापडली. पुढचा बहर २०३० मध्ये. एरविकुळम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर, इथला वरयाडू, अगदी वाटेवर येऊन उभा राहतो. एके काळी शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवलेला हा डोंगरी बकरा आज इथे सगळ्यांत मोठ्या संख्येने आहे. दक्षिण भारतातलं सर्वोच्च शिखर आनमुडी, २,६९५ मीटर, याच उद्यानात येतं.

मुन्नारचं पाणी पेरियारला मिळतं आणि पेरियारला इडुक्कीत अडवलं आहे. कुरवन आणि कुरत्ती या दोन खडकाळ डोंगरांमध्ये काँक्रीटची कमान ताणली आहे, १६९ मीटर उंच. ही जागा १९२०च्या दशकात कोलुंबन नावाच्या आदिवासी मुखियाने एका मळ्याच्या साहेबाला दाखवली, असा इतिहास आहे, आणि त्याची समाधी धरणाजवळ जपली आहे. कमानीला दरवाजे नाहीत. दरवाजे शेजारच्या चेरुतोणी धरणाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते सव्वीस वर्षांनी उघडले आणि त्या पुराची दृश्यं देशाने पाहिली. वीज मात्र धरणापाशी होत नाही. पाणी डोंगराच्या पोटातून साडेसहाशे मीटरहून अधिक खाली मूलमट्टमला पडतं, तिथे खडकात कोरलेलं वीजघर आहे. ते १९७६ मध्ये सुरू झालं. आणि तिथून सुटलेलं पाणी पेरियारला परत जात नाही. ते मुवाट्टुपुळा नदीत जातं. मूलमट्टमच्या कालव्यावर उभे राहिलो तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी तो दुथडी भरून वाहत होता. त्याच्या काठची गावं विजेच्या मागणीवर पाण्याची वेळ ओळखतात. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवलेलं आपण पाहिलं आहे. इथेही नदीचं मूळ खोरं एक आणि पाणी मिळतं दुसऱ्याला.

रबराच्या बागांतून कोट्टयमला उतरलो आणि कुट्टनाडमध्ये शिरलो. इथे गाडी सोडून होडी धरावी, आणि हाउसबोट नव्हे, गावकऱ्यांची सरकारी बोट. तिच्या बाकावर बसलं की काही वेळाने ध्यानात येतं: आपण कालव्यात आहोत, आणि भातशेत आपल्यापेक्षा खाली आहे. बांधाच्या अलीकडे पाणी, पलीकडे दीड-दोन मीटर खोल शेत. माणसं बांधावर राहतात, रुंदी एका घराची आणि चार माडांची. शेत समुद्रसपाटीखाली. वेंबनाड तळ्याचा उथळ भाग चिखलाचे बांध घालून अडवला, पाणी उपसलं आणि तळावर भात लावला. चित्तिरा, मार्ताण्डम, राणी ही तळ्यातली मोठी कायल-शेतं मुरिक्कन नावाच्या जमीनदाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी केली, जेव्हा ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता आणि त्रावणकोर उपाशी होतं. चिखल बुड्या मारून काढला तो पुलयर आणि इतर दलित मजुरांनी. त्यांच्यातल्या फार थोड्यांना त्या जमिनीत वाटा मिळाला.

पावसाळ्यात शेत बुडतं, त्याला बुडू देतात. नद्यांचा गाळ बसतो. पाऊस ओसरला की गावचे सगळे शेतकरी मिळून उपसा सुरू करतात, कारण एका पाडशेखरमचं, म्हणजे एकाच बांधातल्या शेतांच्या गटाचं, पाणी एकच असतं, एकट्याने उपसता येत नाही. उपशाला इथे ‘पेट्टियुम् परयुम्’ नावाचा लाकडी पेटी-पिंपाचा पंप शंभर वर्षांपासून वापरतात. थोड्या उंचीवर प्रचंड पाणी टाकायला त्याच्याइतकं सोयीचं साधन नाही. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. हरितक्रांतीचे डॉ. स्वामिनाथन यांचं मूळ गाव मंकोंबु इथलंच.

पण कुट्टनाड बरं नाही. उन्हाळ्यात तळ्यात खारं पाणी शिरतं आणि भात मरतो, म्हणून १९७६ मध्ये तण्णीरमुक्कमला तळ्याच्या आरपार बंधारा पुरा केला. डिसेंबरच्या सुमारास त्याचे दरवाजे लागतात. मीठ थांबलं, दुसरं पीक घेता येऊ लागलं. त्याबरोबर भरती-ओहोटीची धुलाईही थांबली. खतं, औषधं, हाउसबोटींची घाण आत साचली, जलपर्णी माजली, खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणारे मासे आणि झिंगे घटले. एका बाजूला भातवाला दरवाजे लवकर लावा म्हणतो, दुसऱ्या बाजूला मासेवाला लवकर उघडा म्हणतो. दोघंही बरोबर आहेत, आणि एकाच तळ्यावर जगतात. मला वाटतं, बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवताना तळ्याचं ऐकणारं कुणीतरी बैठकीत असायला हवं.

आलप्पुळ्याहून उत्तरेला कोचीला आलो. १३४१ च्या पेरियारच्या महापुराने मुझिरिसचं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं इतिहासकार मानतात. मुझिरिस म्हणजे रोमन जहाजं मिरी न्यायला येत ते बंदर. डोंगरातल्या एका पुराने शहराचं नशीब इकडून तिकडे नेलं. कोचीच्या मट्टांचेरीत मराठी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवून फिरावं. पोर्तुगीजांच्या छळाने गोव्यातून निघालेली सारस्वत घराणी इथे येऊन वसली. तिरुमल देवस्वम हे त्यांचं मंदिर आणि घराघरात अजून कोंकणी आहे. डच गव्हर्नर वान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, जो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्यही. त्या तिघांचं १६७५ चं प्रमाणपत्र ग्रंथात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. डोंगराची झाडं, मल्याळी वैद्य, गोव्याचे विस्थापित आणि डच छापखाना, असं हे एकत्र आलं.

शेवट कडमक्कुडीला केला. कोचीच्या उंच इमारती दिसतात इतक्या जवळ, पण बेटं खारट पाण्यात आणि सगळीकडे पोक्कळीची शेतं. गोव्याचं खाजण, रायगडचा खारेपाट पाहिलेल्यांना ही जागा लगेच उमजेल. बांध आणि बांधात लाकडी दार, गोव्यात ज्याला मानस म्हणतात तसं. जूनच्या पावसाने जमिनीतला खार धुऊन गेला की उंचवट्यांवर पोक्कळीचं बी रुजवायचं. ही साळ खारटपणा सोसते आणि पाणी वाढलं तर तीही उंच होते. ऑक्टोबरच्या सुमारास कंबरभर पाण्यात उभं राहून फक्त कणसं कापतात, ताटं तशीच सोडतात. नोव्हेंबरात दार उघडून भरती आत घेतात. कुजलेल्या ताटांवर कोळंबी पोसते, कोळंबीच्या विष्ठेवर पुढचं भात. ना खत, ना औषध. कुट्टनाडने मीठ बाहेर ठेवण्यासाठी जे सगळं केलं, ते इथे करावंच लागत नाही, कारण मिठाला त्यांनी अर्धं वर्ष देऊन टाकलं आहे. या प्रवासात पाहिलेल्या सगळ्या शेतींत मला ही सर्वांत शहाणी वाटली.

आणि तीच सर्वांत वेगाने आटते आहे. कोळंबीला भाव, भाताला नाही. कंबरभर पाण्यात कापणीला उतरणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, सुना उतरत नाहीत. यंत्र चिखलात चालत नाही. बारा महिने खारं पाणीच ठेवून कोळंबी घ्यावी, असा पुष्कळांचा कल आहे, पण बांधालगतच्या एकाने भात सोडला तर शेजाऱ्याचं शेतही खारट राहतं आणि त्यालाही सोडावं लागतं. आम्हाला बांधावर भेटलेल्या चेट्टांनी अजून सोडलेलं नाही. उधाणाच्या रात्री त्यांच्या दाराला जाळं लागतं आणि सकाळी कोळंबी विकायला जाते. एप्रिलमध्ये ते दार लावून घेतील, शेत वाळू देतील आणि घरात राखलेलं पोक्कळीचं बी झावळीच्या टोपलीत भिजत घालतील.